बुडालेला हंगाम आणि तनखा : परंड्याच्या किल्ल्यातून एक हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, दोन-तीन ठिकाणी आकडे नीट घातलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय पगाराचा. अख्खा हंगाम बुडाला, पैसा आलाच नाही, पण ज्यांच्या जिवावर हंगाम चालतो ती माणसं दारात उभी आहेत. त्यांना द्यायचं किती, आणि आणायचं कुठून? हा प्रश्न २०२०च्या डिसेंबरात एकाच आठवड्यात दोन बाजूंनी माझ्याकडे आला.

पहिली बाजू घरातली. माझा थोरला भाऊ, अण्णा, परंड्यात मंडपाचा धंदा करतो. पाल, कनाती, खुर्च्या, गाद्या, स्वयंपाकाची मोठी भांडी आणि सहा गडी. आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं. अण्णानं मंडपाच्या धंद्यातही तीच रीत धरली होती. पाडव्याच्या आत गड्यांना उचल द्यायची आणि लग्नसराईच्या कामातून ती फेडून घ्यायची. २०२०चा पाडवा होता २५ मार्चला. देशभरचं लॉकडाऊन सुरू झालं तेही २५ मार्चला. उचल देऊन झाली होती. मग एकेक लग्न रद्द होत गेलं. कुणी तारीख पुढे ढकलली, कुणी घरातल्या घरात पाच माणसांत अक्षता टाकून मोकळं झालं. लोक इसार परत मागायला आले. डिसेंबर आला तरी वहीत सहा नावं आणि नावांपुढे सहा रकमा तशाच होत्या.

दुसरी बाजू शिकागोची. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे आणि गेल्यापासून बेसबॉलच्या नादाला लागलाय. त्याचा संघ शिकागो कब्ज. त्यानं फोन केला तो वैतागूनच. "मामा, आमच्या लोकांनी श्वार्बरला सोडून दिलं! ज्या पोरानं २०१६चा वर्ल्ड सिरीज जिंकून द्यायला हातभार लावला, त्यालाच!"

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. म्हणून मी त्याला म्हटलं, खेळ राहू दे, हिशोब सांग. हिशोब मात्र लगेच कळला. तिकडच्या मोठ्या लीगमध्ये एका संघाचे वर्षाला १६२ सामने होतात. २०२० साली ते झाले ६०, आणि त्या साठ सामन्यांत स्टेडियम रिकामं. तिकीट नाही, पार्किंग नाही, खाणंपिणं नाही. मार्च २०२० मध्ये मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात करार झाला की जितके सामने होतील तितक्या प्रमाणात पगार. साठ भागिले एकशेबासष्ट म्हणजे ३७ टक्के. ज्याचा करार एक कोटीचा, त्याला सदतीस लाख. पुढे मालक म्हणायला लागले की प्रेक्षकच नसतील तर एवढंही परवडत नाही, आणखी कमी करा. खेळाडू म्हणाले, नाही, ठरलं ते ठरलं. जुलै उजाडेपर्यंत हे भांडण चाललं आणि शेवटी २३ जुलैला हंगाम सुरू झाला.

हंगाम संपल्यावर लीगच्या आयुक्तांनी सांगितलं की सगळ्या संघांवर मिळून ८.३ अब्ज डॉलरचं कर्ज झालंय. मग पुढच्या वर्षीच्या पगाराची आखणी सुरू झाली. शिकागोनं श्वार्बरला नवा करार दिला नाही. डिसेंबरच्या अखेरीस त्यांचा सगळ्यात चांगला गोलंदाज, यू दार्विश, सॅन डिएगोला देऊन टाकला. त्याच्या कराराची तीन वर्षं आणि मोठी रक्कम अजून बाकी होती. जानेवारीत क्लीव्हलँडनं फ्रान्सिस्को लिंडोरला न्यूयॉर्क मेट्सकडे धाडलं. ही झाली वरची माणसं. त्यांना दुसरीकडे करोडो मिळालेच. खालच्या लीगचा तर २०२०चा हंगामच झाला नाही, तिथल्या पोरांना आठवड्याला ४०० डॉलर मिळत होते. आणि नव्या मुलांची जी भरती तोवर दरवर्षी चाळीस फेऱ्यांत होत असे, ती त्या वर्षी पाच फेऱ्यांत आटोपली.

अण्णा शेजारी बसून ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "ते सगळं ठीकाय. पण ह्या सालचं नुकसान मालकानं कुणाच्या नावावर टाकलं, ते सांग की."

त्या एका प्रश्नावर आजचा भाग उभा आहे. उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. घरातून निघालं की दहा मिनिटांत किल्ला.

परंड्याचा किल्ला भुईकोट. डोंगर नाही, कडा नाही. संरक्षण म्हणजे खंदक आणि दुहेरी तटबंदी. बुरुजांवर मोठाल्या तोफा आजही पडून आहेत. बाहेरचे लोक येतात, तोफांबरोबर फोटो काढतात आणि जातात. पण ह्या किल्ल्याला एकदा राजधानी होण्याची पाळी आली होती, आणि ती वैभवाच्या दिवसांत आली नव्हती. दिवाळखोरीत आली होती.

ऑगस्ट १६००. मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबीबी त्याआधी महिनाभर मारली गेली होती. बाल निजामशहा बहादूर याला पकडून ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवलं. वऱ्हाड तर चार वर्षांपूर्वीच मोगलांना देऊन झालं होतं. म्हणजे निजामशाहीचा राजा गेला, राजधानी गेली, खजिना गेला, सगळ्यात चांगला वसूल देणारा मुलूख गेला. उरलं काय? सैनिक. बिनपगारी, बिनमालकाचे, शस्त्र हातात असलेले सैनिक.

त्या वेळी एक हबशी सरदार पुढे आला. मलिक अंबर. मूळचा इथिओपियातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हात बदलत बदलत दख्खनेत आलेला. मालक वारल्यावर मोकळा झाला, काही काळ विजापूरकरांकडे राहिला आणि मग पुन्हा निजामशाहीत आला. त्याच्याजवळ सुरुवातीला दीडशेच्या आसपास स्वार होते असं सांगतात. त्यानं निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधला, त्याला आपली मुलगी दिली आणि इथे, परंड्यात, दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं. थोड्याच काळात त्याच्याकडे काही हजार घोडेस्वार जमले. १६१०च्या सुमारास विल्यम फिंच नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानं त्याच्या फौजेचा आकडा लिहून ठेवलाय : दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी.

आता तुम्ही स्वतःला अंबरच्या जागी ठेवून बघा. परंड्यात बसलाय. राजा आहे, शिक्का आहे, पण तिजोरीत खडखडाट. आणि दर महिन्याला हजारो माणसांचं आणि तितक्याच घोड्यांचं पोट. हे पगाराचं गणित त्यानं कसं मांडलं असेल?

इथे त्या काळची पगाराची रीत थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्वार दोन प्रकारचे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येणारा. बारगीर म्हणजे ज्याला घोडा-हत्यार मालक देतो. शिलेदाराचा घोडा मेला तर नुकसान शिलेदाराचं, बारगिराचा मेला तर मालकाचं. नुकसान कुणाच्या नावावर पडणार हे नोकरीत शिरतानाच ठरायचं. आणि सरदारांना पगार रोख मिळत नसे, मोकासा मिळत असे. मोकासा म्हणजे अमुक गावांचा वसूल तुझा, त्यातून तुझी पथकं पोस. शहाजीराजांकडे पुणे आणि सुपे होतं ते असंच. गावात पीक आलं तर पगार, नाही आलं तर नाही.

इथे मला एका शब्दापाशी थांबायचंय. तनखा. आज आपण तनखा म्हणतो ते वेतनाला. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले, ते आपल्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. पण जुन्या महसुली कागदांत तनखा म्हणजे गावावर बसवलेला सारा! मलिक अंबरनं जी आकारणी ठरवली तिला मराठी दफ्तरात 'तनखा' म्हणत, आणि पुढे पेशवाईत वाढवून बसवली ती 'कमाल'. शेतकऱ्यानं भरायचा पैसाही तनखा आणि शिपायानं घ्यायचा पैसाही तनखा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे. चूक नाही. एकाच पैशाची ती दोन टोकं आहेत, म्हणून शब्द एक. आपण आज सरकारी बजेट आणि पगार दोन वेगळ्या खात्यांत बघतो, म्हणून आपल्याला विचित्र वाटतं.

तर अंबरनं काय केलं? परंड्याहून राजधानी जुन्नरला नेली, पुढे १६१०मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. मुलूख थोडा हाताखाली आल्यावर त्यानं इजारा बंद केला. इजारा म्हणजे वसुलीचा मक्ता : बोली लावून घ्यायचा, सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि रयतेकडून वाटेल तेवढं ओरबाडायचं. त्याऐवजी जमिनीची प्रत पाहून, बागायत-जिरायत वेगळं काढून, पिकाच्या दोन पंचमांश भाग सरकारचा असं ठरवलं. पुढे त्याचं रोखीत रूपांतर केलं तेव्हा ते सुमारे एक तृतीयांश किमतीइतकं धरलं, आणि ते लागवडीप्रमाणे कमीजास्त होत असे. गोळा करायचं काम गावच्या पाटलाचं, आणि पाटलाचं वतन वंशपरंपरेचं.

ह्याचं कौतुक शाळेच्या पुस्तकात असतं, मी ते पुन्हा करत नाही. मला त्यातली वेगळी गोष्ट दिसते. हिस्सा पिकावर ठरवला म्हणजे पीक पडलं की सरकारचा वाटाही पडतो. सरकार नुकसानीत भागीदार होतं. पण शिपायाचं पोट काही पिकाबरोबर लहान होत नाही. मग मधला फरक कुठून भरायचा? अंबरनं तो मोगलांच्या मुलखातून भरला. त्याची प्रसिद्ध गनिमी कावा, रसद मारणं, छावण्यांभोवती घिरट्या घालणं ही युद्धाची युक्ती होती हे खरंच. पण ती पगाराचीही युक्ती होती. ज्या महिन्यात वसूल कमी, त्या महिन्यात स्वारी जास्त. त्यात आपल्या गावचा शेतकरी वाचला आणि पलीकडच्या सुभ्यातला भरडला गेला. तोही मराठीच बोलणारा असेल बहुतेक.

मलिक अंबर १६२६ साली गेला. चारच वर्षांत जो हंगाम बुडाला तो असा बुडाला की त्यातून ते राज्य उठलंच नाही.

१६३० सालचा दुष्काळ. पाऊस पडला नाही, पुढच्या सालीही नीट झाला नाही. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी, जो एरवी बादशहाची स्तुती करायला बसलेला, तोसुद्धा लिहितो की माणूस भाकरीसाठी स्वतःला विकायला काढत होता आणि घेणारं कुणी नव्हतं. इकडे देहूला तुकोबांचं घर ह्याच दुष्काळात मोडलं, पहिली बायको अन्नावाचून गेली. परंपरा असं सांगते की घराण्याच्या सावकारीची खतं होती, लोकांकडून येणं असलेली, त्यातली धाकट्या भावाच्या वाट्याची अर्धी त्याला दिली आणि आपली अर्धी तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. हे मी अण्णाला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. नंतर बोलला, ते शेवटी सांगतो.

शाहजहान त्या वेळी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये असे वीस आठवडे एक लाख वाटले, आणि लाहोरीच्या हिशोबानं साऱ्यात सुमारे सत्तर लाखांची सूट दिली. सूट दिली हे चांगलंच केलं. पण आता आपल्याला माहितीय, सारा माफ म्हणजे कुणाचा तरी पगार माफ. शिवाय युद्ध काही थांबलं नव्हतं. आझम खानाची मोगल फौज निजामशाहीत घुसली होती. १६३१च्या सुरुवातीला त्यानं धारूर घेतलं आणि परंड्याला येऊन वेढा घातला. आणि हा वेढा त्याला उठवावा लागला. का? गवत नव्हतं. आसपासच्या मुलखात घोड्यांना वैरण मिळेना. आमच्या खंदकाचं पाणी, तटाची जाडी, तोफा हे सगळं असेल, पण ह्या वेळी परंडा वाचलं ते दुष्काळामुळं. घोड्यावर चालणाऱ्या फौजेत पगाराच्याही आधी वैरण येते. शिपाई चार महिने थकबाकीवर राहतो, घोडं चार दिवस राहत नाही.

निजामशाही मात्र विस्कटली. सरदार एकेक करून संघ बदलायला लागले. संघ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. लखुजी जाधवराव १६२९मध्ये दौलताबादच्या दरबारात मारले गेले, त्यानंतर शहाजीराजे मोगलांकडे गेले, पंचहजारी मनसब घेतली आणि दोन वर्षांत पुन्हा परत फिरले. शाळेत हे आपण निष्ठा आणि फितुरी ह्या शब्दांत शिकतो. मी म्हणत नाही की निष्ठा नव्हती. पण सरदारामागे हजारो स्वार असत, त्यांना त्या महिन्यात कोण पोसू शकतो हाही प्रश्न असे, आणि बखरीत तो सहसा लिहिला जात नाही. परंड्याचा किल्लाही ह्याच धामधुमीत आदिलशाहीकडे गेला. अहमदनगरला १५४९मध्ये ओतलेली मुलूखमैदान तोफ परंड्यात होती. तब्बल ५५ टनांची. ती १६३२ला मुरार जगदेवानं विजापूरला नेली. आज गोलघुमट बघायला जाणारे तिला हात लावून येतात. आमच्याकडे तिची नुसती गोष्ट उरली. शिकागोच्या भाच्याला मी म्हटलं, बाबा रे, तुमचा दार्विश गेला, आमची मुलूखमैदान गेली. त्याला ते फार पटलं नाही.

१६३४ला शहाजादा शुजा आणि महाबत खान पुन्हा परंड्यावर आले आणि तेही हात हलवत परत गेले. हे मी पळवत नेतोय, कारण मला त्यानंतरच्या हिशोबाकडे जायचंय. मला ह्या सगळ्या अभ्यासात सगळ्यात नवल वाटलेली गोष्ट तीच आहे.

ते ३७ टक्के लक्षात आहेत ना? जितके सामने तितका पगार. मोगलांनी दख्खनेत हेच केलं होतं, साडेतीनशे वर्षं आधी.

मोगल दफ्तरात दोन आकडे असत. जमा, म्हणजे एखाद्या परगण्यातून कागदोपत्री अपेक्षित असलेला वसूल. आणि हासिल, म्हणजे खरोखर हातात आलेला. मनसबदाराला जहागीर मिळे ती जमेच्या आकड्यावर. कागदावर पगार पूर्ण. पण दुष्काळ आणि युद्धानं दख्खन इतकी उजाड झाली होती की हासिल त्याच्या आसपासही पोचत नसे. १६५०च्या दशकाच्या सुरुवातीला दख्खनच्या चार सुभ्यांची जमा होती ३ कोटी ६२ लाख रुपये, आणि हाती येत होते जेमतेम एक कोटी. म्हणजे शंभरातले अठ्ठावीस. औरंगजेब त्या वेळी इथला सुभेदार होता, आणि बापाला लिहिलेल्या त्याच्या पत्रांत पैशाचं रडगाणं सारखं येतं.

मग शाहजहानच्या दफ्तरानं यावर तोडगा काढला होता तो महिन्यांचा. जहागीर बारामाही, आठमाही, सहामाही, चारमाही अशी धरायची. सहामाही म्हणजे ह्या जहागिरीतून वर्षाच्या पगारातला सहा महिन्यांचाच निघतो. आणि त्या मानानं मनसबदारानं बाळगायच्या स्वारांची संख्याही कमी करायची. जितके महिने तितके घोडे. सरदाराच्या नावापुढचा हुद्दा तोच, पंचहजारी तो पंचहजारीच, पण प्रत्यक्षात फौज निम्मी. मला हे प्रामाणिक वाटतं. खोटा पूर्ण पगार दाखवून थकवण्यापेक्षा, सहा महिन्यांचा आहे, सहा महिन्यांची चाकरी कर, असं सांगितलं. पण मग निम्मे स्वार गेले कुठे? त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. खालच्या लीगमधली आठवड्याला चारशे डॉलरवाली पोरं निदान मोजली तरी गेली.

आणि परंड्याचं काय झालं? १६५७च्या तहात विजापूरकरांनी परंडा द्यायचं कबूल केलं, पण दिलं नाही. शेवटी १६६०मध्ये किल्लेदार गालिब यानं तो शाहिस्तेखानाच्या हवाली केला आणि स्वतः मोगलांच्या चाकरीत गेला. ज्या किल्ल्यापुढून तोफा आणि शहाजादे परत गेले, तो शेवटी एका माणसाच्या नोकरीबदलानं गेला. विजापूर तेव्हा खंगत चाललं होतं, आणि खंगलेल्या मालकाचा किल्लेदार बाहेर नजर टाकतोच.

शिवाजी महाराजांनी हे सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी शक्यतो गावं तोडून न देता रोख पगाराची पद्धत ठेवली. सभासदानं आकडे दिलेत : जुमलेदाराला सालीना पाचशे होन, हजारीला हजार, पंचहजारीला दोन हजार. पण रोख पगाराला रोकड लागते. राजाराम महाराजांच्या काळात ती संपली, राजधानी जिंजीला गेली, आणि मग पगाराच्या जागी वचनं आली. १६९१मधला हणमंतराव घोरपड्यांचा करार बघा. सहा लाख होनांचा सरंजाम, पण कसा? रायगड, विजापूर, भागानगर आणि औरंगाबाद घेतल्यावर प्रत्येकी साडेबासष्ट हजार, आणि उरलेले साडेतीन लाख दिल्ली घेतल्यावर! भाच्याला हे वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "मामा, हा तर इन्सेंटिव्ह क्लॉज झाला." झाला खरा. आज द्यायला काही नाही म्हणून पगार उद्याच्या विजयावर लिहून दिला. त्यानं राज्य वाचलं, आणि वतन-सरंजामाची सवय लागली ती पुढे सुटली नाही.

आता शेवटचा टप्पा, आणि हा आपल्या जिल्ह्याला सगळ्यात जवळचा.

निजाम म्हणजे आता हैदराबादचा. इंग्रजांनी त्याच्या गळ्यात एक फौज बांधली होती, हैदराबाद कंटिंजंट. फौज निजामाच्या खर्चानं, हुकूम इंग्रजांचा, अधिकारी इंग्रज, पगार गलेलठ्ठ. वसूल कमी पडला की कंपनी स्वतःच्या तिजोरीतून पगार भागवायची आणि ती रक्कम व्याजासकट निजामाच्या नावावर मांडायची. थकबाकी लाखांत गेली. डलहौसीनं तगादा लावला. २१ मे १८५३ला तह झाला आणि ह्या फौजेच्या पगारासाठी निजामानं मुलूख लावून दिला : वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा भाग. सगळा मिळून वार्षिक सुमारे पन्नास लाख उत्पन्नाचा. एका फौजेच्या पगारापायी आपला जिल्हा गहाण पडला होता, मंडळी. आपल्यातल्या किती जणांना हे शाळेत सांगितलं? मला तरी नाही.

नळदुर्गला कारभारी म्हणून आला कॅप्टन मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीनं गाजलेला. १८५७च्या धामधुमीत हैदराबाद इंग्रजांच्या बाजूनं राहिलं, त्याचं बक्षीस म्हणून १८६०मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळालं आणि जुनं कर्जही माफ झालं. वऱ्हाड मात्र परत मिळालं नाही ते नाहीच. १९०२ला ते वर्षाला पंचवीस लाखांच्या बदल्यात कायमच्या भाडेपट्ट्यानं गेलं.

तर असा हा आमच्या परिसरातला अडीचशे वर्षांचा हिशोब. अण्णाच्या प्रश्नाला मी किल्ल्याच्या तटावर बसून उत्तर दिलं : अंबरनं नुकसान शेजारच्या सुभ्यावर टाकलं, मोगलांनी निम्म्या स्वारांवर, राजाराम महाराजांनी उद्यावर आणि डलहौसीनं थेट जमिनीवर. तो म्हणाला, "आणि आपल्याकडं? आता?" मी म्हटलं, रणजी करंडक १९३४-३५ला सुरू झाल्यापासून पहिल्यांदा बंद राहिला. पुढे सप्टेंबर २०२१मध्ये क्रिकेट बोर्डानं आदल्या वर्षी खेळलेल्यांना निम्मं मानधन भरपाई म्हणून दिलं. बोर्डाकडे आयपीएलचा पैसा होता. गावोगावच्या जत्रांत इनामाच्या कुस्त्या खेळून खुराक भागवणाऱ्या मल्लांचे दोन हंगाम गेले, त्यांना कुणी निम्मंही दिलं नाही. (हे रणजीचं मी आत्ता, लिहिताना नीट करून घातलंय. डिसेंबरात आम्ही बोललो तेव्हा ते ठरायचंच होतं.)

अण्णानं त्या डिसेंबरात वही काढली. "मी काय तुकोबा नाही," म्हणाला, "पण अर्धं बुडवतो." सहाही जणांची अर्धी उचल त्यानं फिटली म्हणून लिहिली आणि अर्धी पुढच्या लग्नसराईवर ढकलली. वहिनीला हे पटलं नव्हतं, कारण पालाच्या कापडाचं देणं अजून उभं होतं आणि त्या व्यापाऱ्यानं एक रुपयाही सोडला नव्हता. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

पुढच्या साली पाडवा आला १३ एप्रिलला. १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यात पुन्हा निर्बंध लागले. दुसरी लग्नसराईही गेली. सहांपैकी एक गडी ऊसतोडीला गेला. मुकादमाची उचल घेतली आणि त्यातून अण्णाचे पैसे आणून दिले. अण्णानं ते घेतले. ह्या गोष्टीचं त्याला अजून वाईट वाटतं, पण घेतले. एक जण पुण्याकडे गेला तो तिकडचाच झाला. चौघं अजून आहेत. परवा मी गेलो तेव्हा ते अंगणात पाल पसरून उंदरांनी कुरतडलेले भाग शिवत बसले होते.

पुढच्या भागात नळदुर्गला जाऊ आणि मेडोज टेलरनं तिथे जमिनीची मोजणी कशी केली ते बघू. तुमच्या घरी सालगड्याच्या कराराचे, उचलीचे जुने कागद किंवा वह्या असतील तर त्यांचे फोटो जरूर पाठवा, नावं झाकून पाठवलीत तरी चालेल. भेटू.